मडकं, नळाचा डबा, पिंप की विजेचं यंत्र? इंदूरच्या घरांसाठी खताच्या भांड्यांची पारख

इंदुरात घरी खत करायचं भांडं घ्यायला गेलं की दुकानदार रंग सांगतो, लिटर सांगतो, 'कल्चर'ची, म्हणजे जिवाणूंच्या विरजणाची, पुडी फुकट देतो. तुमच्याकडे कोरडा पाला किती आहे, हे मात्र विचारत नाही. भांडं चालणार की सहा महिन्यांनी गच्चीच्या कोपऱ्यात उपडं पडणार, हे बहुतेक वेळा त्या पाल्यावरच ठरतं.

त्याआधी भांडं हवंच कशाला, ते पाहू. इतर शहरांत ओला कचरा घरी जिरवायचं कारण उघड असतं: तो नाहीतर शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर सडतो. इथं तसं नाही. नगर निगमची गाडी रोज दारात येते, कचरा सहा प्रकारांत वेगळा घेते आणि ओला भाग देवगुराडियाला जातो. तिथला गोबरधन प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. दिवसाला ५५० टन ओला कचरा घ्यायची त्याची क्षमता आहे. त्यातून गाड्यांत भरायचा गॅस निघतो आणि उरलेल्या चोथ्याचं खत होतं. म्हणजे लोकमान्य नगरातलं केळीचं साल गाडीत पडलं तरी ते वाया जात नाही. 'शहराचा कचरा कमी करा' हे विक्रेत्याचं वाक्य इंदुरात अर्धंच लागू पडतं. घरी करायचं ते खतासाठी: कुंड्यांसाठी, परसातल्या कढीपत्त्यासाठी, आणि पावसात चिखल व मे महिन्यात वीट होणाऱ्या माळव्याच्या काळ्या मातीसाठी. म्हणून इथं कसोटी एकच लावली आहे. चौघांच्या स्वयंपाकघरातून रोज निघणारा साधारण किलोभर ओला कचरा घेऊन हे भांडं तीन-चार महिन्यांनी हातात चुरता येईल असं, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारं खत देतं का?

ही कसोटी याच गावची आहे. १९२४ मध्ये इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकर दरबारानं दिलेल्या जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली. आज तिथं कृषी महाविद्यालय आहे. तिथं बसवलेली खताची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ मध्ये तिच्यावरचं पुस्तक लिहिलं ते हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड या दोघांनी मिळून. नाव हॉवर्डांचं झालं. वाडांचं नाव इंदूरच्या मराठी घरांतही क्वचितच निघतं. १९३५ मध्ये गांधीजी इंदुरात आले होते, तेव्हा तेही हे काम पाहायला गेले होते.

पद्धत अशी: ३० फूट लांब, १४ फूट रुंद, दोन-तीन फूट खोल खड्डा. त्यात गुरांखाली अंथरलेला काडीकचरा, त्यावर शेण, मूत जिरलेली माती आणि लाकडाची राख, असे थर. थर पायांनी तुडवायचे नाहीत, हवा राहिली पाहिजे. सोळाव्या दिवसाच्या सुमारास पहिली पलटी, महिन्यानं दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. नव्वद दिवसांत खत तयार. सगळ्यात जास्त माल कोरडा, शेण त्या मानानं थोडं, आणि पलटी तीनदा: दुकानातलं कुठलंही भांडं याच तीन गोष्टींवर तपासावं.

भांडं लहान असल्यानं एक फरक मात्र पडतो. साधारण घनमीटरभर ढीग असेल तर तो आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि त्यात बिया, रोगजंतू मरतात. घरचं तीस लिटरचं भांडं ४०-४५ च्या वर क्वचितच जातं. म्हणून घरच्या खतातून टोमॅटो, भोपळा, मिरची आपोआप उगवते. ती भांड्याची खोट नाही. फक्त रोग लागलेली रोपं आणि तणाची बोंडं त्यात टाकू नयेत.

आता पाल्याचा हिशेब. भाजीची देठं-सालं चिरून टाकली तर किलोभर कचरा साधारण दोन लिटर जागा घेतो. त्याला तेवढाच, म्हणजे दोन लिटर, चुरलेला कोरडा पाला लागतो. महिन्याला ६० लिटर झाला. नीम, पिंपळ, गुलमोहर यांची पानगळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. उरलेल्या नऊ-दहा महिन्यांसाठी ६०० लिटर साठवायला हवा. साखरेच्या ५० किलोच्या गोणीत दाबून भरला तर ७०-७५ लिटर चुरा मावतो. म्हणजे आठ गोण्या, कोरड्या जागी, पावसाळ्यापूर्वी. जिन्याखाली आठ गोण्यांची जागा नसेल तर घरातलं सर्वात महागडं भांडंही चालणार नाही, आणि जागा असेल तर अटालेवाल्याकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, आणलेलं पिंपसुद्धा चालतं.

एवढा पाला का, त्याचं कारण जिवाणूंच्या जेवणात आहे. त्यांना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे २५ ते ३० भाग लागतात. भाजीच्या कचऱ्यात हे प्रमाण १५-२० च्या आसपास असतं, वाळलेल्या पानांत ४० ते ८०, लाकडाच्या भुश्यात २०० च्याही वर. नुसती भाजी टाकली की जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडतं. नाकाला झोंबतो तो वास त्याचाच. शिवाय भाजीत ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कोरडं नसेल तर ते तळाशी उतरतं, हवा बंद होते आणि सडक्या अंड्याचा वास सुरू होतो. नुसता वास घेऊन दुखणं ओळखता येतं, म्हणून हे दोन वास वेगळे ओळखायला शिकावं.

पाला नसेल तर पर्याय आहेत, सगळे सारखे नाहीत. आरा मशीनवरचा भुसा चालतो, पण साध्या लाकडाचा. प्लायवुड कापलेल्या ठिकाणचा नको, त्यात डिंक असतो. ऑनलाइन सामानाचे पुठ्ठ्याचे खोके चिकटपट्टी काढून बोटभर तुकडे करून टाकावेत, चकचकीत छपाईचे नकोत. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवली की ६०-७० लिटर होते, पण भिजवलेलं कोकोपीट पाणी शोषणार कुठून? आधी फुगवून मग उन्हात वाळवावं लागतं, आणि ही पायरी पुडीवर छापलेली नसते. इंदूरच्या ओल्या कचऱ्यासाठी दक्षिणेतून नारळाचा भुसा मागवायचा आणि दारातली पानं गाडीत द्यायची, यात गंमत आहे.

तीन मडक्यांचा खांब

मातीच्या तीन मडक्यांचा खांब आज सगळीकडे दिसतो. तो घराघरांत नेण्याचं श्रेय बेंगळुरूच्या पूनम बीर कस्तुरी यांना जातं; त्यांनी २००६ मध्ये 'डेली डंप' सुरू केलं. खताला कचरापेटीतून काढून दारात ठेवायच्या वस्तूचं रूप देणं ही त्यांची खरी हुशारी. रचना त्यांनी झाकून ठेवली नाही, म्हणून गावोगावचे कुंभार आज तसे खांब करतात. रचना सोपी आहे: वरची दोन मडकी बिनबुडाची, तळाशी दोरीची किंवा जाळीची वीण, खालचं बुडाचं, बाजूंना भोकं, वर झाकण.

चौघांच्या घराला प्रत्येक मडकं निदान ३० लिटरचं हवं. बाल्कनीसाठी म्हणून १०-१२ लिटरचे रंगीत खांब विकले जातात. त्यातलं वरचं मडकं आठवड्यात भरतं, माल कच्चाच खाली सरकतो आणि महिन्याभरात तिन्हींत कच्चा कचरा. दोघांच्या घरालाही तो पुरत नाही. तो घेऊ नये.

विकत घेताना मडकं बोटाच्या पेराने वाजवावं. ठणठणीत वाजलं तर भाजलंय नीट. भद्द आवाज आला तर पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतील. झाकण मडक्याच्या काठाच्या बाहेर उतरणारं, छत्रीसारखं हवं. आत बसणारं झाकण दिसायला छान, पण पावसाचं पाणी थेट आत जातं. भोकं करंगळी जाईल एवढीच, आतून बारीक जाळी लावलेली. तळाची सुती दोरी चार महिन्यांत कुजते; आणल्याबरोबर ती काढून काथ्याची किंवा गंज न चढणारी तारेची वीण करून घ्यावी. हे काम भरलेल्या मडक्यावर करता येत नाही.

सुरुवात करताना वरच्या मडक्यात वर्तमानपत्राचा एक कागद, त्यावर चार बोटं पाला आणि दोन मुठी जुनं खत. मग रोज चिरलेला कचरा, त्यावर तेवढाच पाला. पाला टाकल्यावर ओलं दिसता कामा नये, एवढी एक सवय लागली की चिलटं येत नाहीत. तीन-चार दिवसांनी खुरप्यानं हलवायचं. माल रोज खचत असतो, म्हणून ३० लिटरचं मडकं पंचवीस-तीस दिवसांत भरतं, कचरा-पाला मिळून रोजच्या चार लिटरच्या हिशेबाप्रमाणे आठवड्यात नव्हे. मग वरचा माल मधल्यात, महिन्यानं मधला खालच्यात. तीन महिन्यांत खालून खत. हॉवर्डांच्या नव्वद दिवसांशी हे बरोबर जुळतं, पण एका अटीवर. व्हिडिओत दाखवतात तसं भरलेलं मडकं उचलून खाली ठेवू नये. माल आणि माती मिळून वजन वीस किलोच्या घरात जातं. आजी-आजोबांच्या घरात ते होणारही नाही. फावडीनं माल काढून खालच्या मडक्यात टाकावा. पाठही वाचते, आणि तीच पलटी होते. सरकवलेल्या मडक्यात ती होत नाही.

इंदूरच्या हवेत मडक्याची दोन टोकं होतात. मे महिन्यात पारा ४२ च्या आसपास आणि लू सुरू असताना माती माल चोखून कोरडा करते. मुंग्या लागल्या की समजावं, पाणी हवं आहे. तीन दिवसांनी अर्धा लिटर शिंपडावं आणि खांब पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवावा. मूठभर माल दाबला तर हाताला ओल लागावी, पण बोटांतून थेंब एक-दोनच यावेत. जुलै-ऑगस्टमध्ये उलट: हवाच ओली, पाला दीडपट लागतो. मडक्यावर बाहेरून पांढरी खारी फुटते ती क्षारांची, तिला काही करायचं नाही.

सर्वाधिक मडकी बंद पडतात ती अळ्यांमुळे. "अहो, हे किडे कसले?" म्हणून घरात ओरड होते आणि खांब गेटबाहेर. पावसाळ्यात दिसणाऱ्या राखी, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या. ती माशी घरातल्या अन्नावर बसत नाही, चावत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा कुठल्याही कल्चरपेक्षा वेगानं फस्त करतात. त्या रात्री भोकांतून बाहेर निघतात, हाच काय तो त्रास. माल फार ओला झाल्याची ती खूण आहे: पाला दुप्पट करा, वर लाकडाची राख पसरा, खांबाखाली कोरड्या मातीची परात ठेवा. कीटकनाशक मारलं तर तेच खत पुढं मेथीला घालायचं आहे, हे आठवावं.

पारख: गच्ची किंवा अंगण आहे त्या घराला हेच घ्यावं. दहापैकी आठ, दोन गुण दोरी आणि वजनासाठी कापले.

नळाचा हवाबंद डबा

हा 'बोकाशी' डबा. जपानमधले तेरुओ हिगा यांनी ज्या जिवाणूंच्या मिश्रणाचा प्रसार केला, ते कोंड्यात घालून कचऱ्यावर पेरायचं. १५-२० लिटरचे दोन डबे, आत भोकांची चाळणी, खाली नळ. विक्रेते 'पंधरा दिवसांत खत' म्हणतात. ते खरं नाही. डब्यात होतं ते लोणचं. हवा नसल्यानं कचरा कुजत नाही, आंबतो. पंधरा दिवसांनी फोडी जशाच्या तशा ओळखू येतात, फक्त आंबट वासाच्या. त्याचं खत व्हायला पुढं महिनाभर माती लागते.

एवढं समजून घेतलं तर डबा कामाचा आहे. किलोभर कचऱ्याला दोन मुठी कोंडा, मग थापीनं दाबून हवा काढायची, झाकण घट्ट. मडक्यात हवा हवी, इथं हवा नको. दोन्हींची सवय एकाच घरात मिसळली की दोन्ही बिघडतात. डबा दिवसातून एकदाच उघडावा. दोन-तीन दिवसांनी नळ सोडून पाणी काढायचं; ते राहिलं तर तळ सडतो. ते पाणी झाडांना घालताना एका लिटरला १० मिलिलिटर, जास्त नाही. आंबट असतं, मुळं भाजतात. डबा भरला की दोन आठवडे बंद ठेवायचा, इंदूरच्या जानेवारीत तीन. वर पांढरी बुरशी आली तर जमलं; हिरवी-काळी आली तर झाकण गळतंय. मग मोठ्या टबात एक भाग लोणचं, दोन भाग माती मिसळून तीन-चार आठवडे झाकून ठेवायचं. त्याआधी त्यात रोप लावलं तर ते मान टाकतं.

दुकानात नळ बघावा. डब्यात पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवलं की गळती कळते. नळ तळाच्या फार जवळ असतो, म्हणून डबा स्टुलावर ठेवल्याशिवाय खाली भांडं बसत नाही. चाळणीची भोकं मोठी असली तर भाताची शितं जाऊन नळ तुंबतो.

याचा फायदा दुसऱ्या भांड्यांत नाही: शिजलेलं अन्न, माशाचे काटे, उरलेली साबुदाण्याची खिचडी, सगळं चालतं. मडक्यात तेलकट अन्न टाकलं की उंदीर येतात. डबा घरातच राहतो, म्हणून उन्हाळा-पावसाळ्याचं काही वाटत नाही. खर्च चालू राहतो तो कोंड्याचा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला मातीचा टब ठेवायला बाल्कनी असेल तर सात. नसेल तर घेऊ नये, कारण लोणचं ठेवणार कुठं? दोन्ही एकत्र चालवणाऱ्या घरांना सर्वात चांगलं जमतं: उष्टं-खरकटं डब्यात, तिथून आंबलेलं थोडं थोडं मडक्यात, भरपूर पाल्यासह.

पिंप आणि फिरतं पिंप

२०० लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप दोन-तीन कुटुंबांना किंवा बागवाल्या बंगल्याला पुरतं. घेण्यापूर्वी आधी त्यात काय होतं ते विचारा. फळांचा गर, ग्लुकोज, लोणच्याचं तेल असलेलं घ्या. रसायनाचं किंवा कीटकनाशकाचं कितीही धुतलं तरी नको. बाजूंना वीतभर अंतरानं अर्धा इंची भोकं, तळाला आठ-दहा, खाली विटा. मध्ये भोकं पाडलेला तीन इंची पाइप उभा ठेवला की आतपर्यंत हवा जाते. इंदूर पद्धतीच्या ढिगात पहारीनं उभी छिद्रं पाडायचे, त्याचंच हे घरगुती रूप. तळाशी वीतभर काटक्या. सर्वात महत्त्वाचं, तळाजवळ फूटभर रुंदीचं दार कापून घ्या. दार नसलेलं पिंप भरायला सोपं आणि रिकामं करायला शिक्षा आहे.

आडव्या दांड्यावर फिरणारं पिंप महाग असतं आणि दिसतंही कल्पक, पण ओला माल त्यात फिरून फिरून लाडू वळतो. लाडूच्या आत हवा जात नाही, बाहेर खत दिसतं आणि फोडलं की आत सडका गोळा. पाला बारीक आणि भरपूर, पिंप अर्धंच भरलेलं, असं असेल तरच जमतं. शिवाय एक पिंप भरत असताना दुसरं पिकायला ठेवावं लागतं, म्हणजे दोन घ्या. साधं पिंप सात, फिरतं पाच.

विजेचं यंत्र

किंमत पाच आकड्यांत, वेळ चोवीस तास, आणि बाहेर येते तपकिरी भुकटी. बहुतेक घरगुती यंत्रं कचरा तापवून वाळवतात आणि दळतात. वाळवणं म्हणजे कुजणं नव्हे. भुकटी कुंडीत घालून पाणी दिलं की ती पुन्हा ओली होते, बुरशी चढते आणि खरं कुजणं तेव्हा मुळांजवळ सुरू होतं. किलोभर कचऱ्यात पाऊण किलोहून जास्त पाणी. नुसती त्याची वाफ करायलाच अर्धा युनिट वीज जाते, यंत्रात वाया जाणारी वेगळी. इंदुरात हाच कचरा निगमची गाडी नेते आणि त्यातून गॅस काढते. वीज जाळून तो घरी वाळवण्यात हशील नाही. हॉटेल किंवा मेसला, जिथं दिवसाला ५०-१०० किलो निघतं आणि जागा नाही, तिथं जिवाणू वापरून खरोखर कुजवणाऱ्या मोठ्या यंत्राचा विचार होऊ शकतो. तिथंही बाहेर आलेला माल महिनाभर पाल्यासह पिकवावा लागतो. घराला: दोन.

गांडुळांचा डबा लोक मागतात म्हणून लिहितो. कचऱ्यातली तांबडी गांडुळं ३० अंशांपर्यंत खूश, ३५ च्या वर मरायला लागतात. माळव्याच्या उन्हाळ्यात गच्चीवर ती टिकत नाहीत. तळमजल्याचं सावलीचं परस असेल आणि मार्च ते जून रोज ओलं पोतं टाकायची तयारी असेल तर खत उत्तम. लिंबू-संत्र्याची सालं आणि कांदा वेगळा ठेवावा लागतो.

उरलेलं अन्न जास्त निघणाऱ्या मोठ्या एकत्र कुटुंबाला किंवा घरगुती डबेवाल्यांना खताऐवजी गॅस हवा असेल, तर पुण्याच्या 'आरती' (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी बसवलेलं छोटं बायोगॅस संयंत्र पाहावं. त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेणाऐवजी शिळं अन्न, पीठ, बिया यांवर ते चालतं, आणि पिष्टमय अन्न शेणापेक्षा कितीतरी वेगानं गॅस देतं. टाकीला ऊन लागतं, थंडीत गॅस मंदावतो, आणि हावरेपणानं एकदम जास्त खाद्य घातलं की आतलं पाणी आंबट होऊन आठवडाभर गॅस थांबतो. भाजीच्या सालांपुरतं ते घेऊ नये. तंतुमय सालांतून गॅस कमी निघतो.

कल्चर, ताक आणि चाळणी

कल्चरची पुडी म्हणजे विरजण. दह्याला एकदा विरजण मिळालं की रोज विकत आणत नाही, तसंच हे. हॉवर्डही नव्या खड्ड्यात आधीच्या खड्ड्यातला बुरशी चढलेला माल टाकत. शेजारच्या घरातून पाव किलो तयार खत आणलं की काम होतं. पुडीतल्या मालाचा बराचसा भाग कोकोपीट असतो. वास जातो तो बहुतेक त्या कोरडेपणानं, जिवाणूंनी कमी. आंबट ताक-गूळ शिंपडून बिघडत काही नाही, पण पावसाळ्यात ते पाणीच वाढवतं.

काही माल इथल्या स्वयंपाकघराला धरून. थंडीत मटाराच्या शेंगांची साल एकदम दोन-तीन किलो निघते. ती पसरून एक दिवस सुकवून टाकावी, नाहीतर मडकं पाण्यानं भरतं. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस झाला की उरलेली कणसं वर्षभर तशीच राहतात. तुकडे करून पिंपाच्या तळाला काटक्यांऐवजी घालावीत. आंब्याची कोय आणि नारळाची करवंटी नको. चहाची पूड दूध-साखर धुऊन. गणपती उठल्यावरचं निर्माल्य उत्तम: झेंडू, दूर्वा, पत्री, पण दोरा, कापूस आणि प्लास्टिकची चमकी काढून.

खत झालं का, हे रंगावरून ओळखू नये. मूठभर पिशवीत बांधून तीन दिवस ठेवावं. उघडल्यावर मातीचा वास आला तर झालं, आंबट-सडका आला तर आणखी पंधरा दिवस. किंवा वाटीभर खतात मेथी पेरावी. चार दिवसांत कोंब सरळ आले नाहीत तर माल कच्चा आहे. मग वाळू चाळायच्या चाळणीतून चाळायचं. वर राहिलेलं पुढच्या मडक्याचं विरजण. महिन्याला तीस किलो कचरा घालून चार ते सहा किलो खत निघतं, त्याहून जास्तीचं आश्वासन मिळालं तर विकणाऱ्याला आकडेमोड विचारावी. कुंडीत काळी माती चार भाग, खत तीन, वाळू किंवा कोकोपीट तीन. नुसत्या खतात रोप लावलं तर खत खचत जातं.

सुरुवात कधी करायची, तर गुढीपाडव्याच्या सुमारास, पानगळ संपण्याआधी: आधी गोण्या, मग भांडं. जुलैत उत्साहानं मडकं आणलेली घरं ऑगस्टमध्ये अळ्यांना कंटाळतात आणि नवरात्रात तेच मडकं झेंडू लावायला वापरतात.